पोटात पाय

फाल्गुन लागला, दोडक्याला दुसरं पान फुटलं
आणि तिसऱ्या सकाळी नुसते देठ.
सहकारनगरात, तळमजल्यावर,
माझी बाग म्हणजे सतरा कुंड्या, एक फुटका टब,
आणि गुरुवारी पाणी नसतं म्हणून
बुधवारी जरा जास्तच भिजवलेली माती.

रात्री टॉर्च घेऊन गेले.
टबाच्या बुडाशी, ओल्या विटेखाली,
घर घरीच विसरून आलेल्या
पाच गोगलगायी.
घाई कुणालाच नव्हती.

शेजारचे उदगीरकर म्हणाले, मीठ टाका.
एकीवर टाकलं.
ती फेसाळली, आखडली. आवाज अजिबात केला नाही.
बरणी आत नेऊन ठेवली
आणि त्या रात्री वरण अळणीच खाल्लं.

त्यांची भाची मृण्मयी म्हणाली,
काकू, बशीत बिअर ठेवा. वासानं येतात, पितात, बुडतात.
सांगितलं असं, जशी काही ती
फ्रीजमध्ये ताकाशेजारी असतेच.

एकतीस वर्षं टपाल खात्यात काढली.
माझ्या मागे म्हणायचे, गोगलगाय अन् पोटात पाय.
का म्हणायचे, कधी कळलं नाही.
माझे पाय तर कायम बाटाच्या चपलेत.

शनिवारी स्कूटीवरच्या पोरींसारखा
डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फात गुंडाळला
आणि दोन चौक पलीकडच्या दुकानात उभी राहिले.
"स्ट्राँग की माइल्ड?"
गोगलगायींना सोसेल अशी, म्हणणार होते.
म्हटलं, "माइल्ड."
त्यानं ती पेपरात गुंडाळून दिली, भाजीसारखी.

श्रीखंडाच्या डब्याचं झाकण काठापर्यंत मातीत पुरलं.
त्यात मावले जेमतेम चार घोट.
उरलेल्या बाटलीचं काय करायचं
हे मृण्मयीनं सांगितलं नव्हतं.

साडेअकरा. टॉर्च बंद. पायरी गार.
स्टीलच्या पेल्यातून पहिला घोट: कारल्याचा रस.
दुसरा: कारल्याचाच,
पण कुणीतरी हसत दिलेला.
तळजाईवर एक मोर अवेळी ओरडला.
बाकी मी गप्प, त्या गप्प,
अंधारात दोन्हीकडे चाललेलं.

सकाळी झाकणात दोघी.
दोडका शाबूत, वांग्याची चाळण.
आणि पायरीवर एक चकचकीत रेघ:
झाकणाला लांबून वळसा घालून
माझ्या पेल्यापर्यंत आलेली,
काठावरून एकदा फिरलेली,
आणि मग, सावकाश,
वांग्याकडे परत गेलेली.