थांबण्याआधी

वालपराइसोत दुपारी तीनला धुकं टेकडी चढतं,
तिकिटाशिवाय.
खिडकीतून बंदरावरच्या क्रेन दिसतात, मग नुसत्या त्यांच्या माना,
मग काहीच नाही.
मी पडद्यावर बोट ठेवते.
नवं पान उजवीकडून येतं, जुनं डावीकडे सरकतं.
तीनशे मिलिसेकंद.
पुन्हा. पुन्हा. सकाळपासून दोनशे वेळा तरी.

येतं खरं,
पण भिंतीवर आदळल्यासारखं थांबतं.
ओयार्सून म्हणाला, कोण बघतंय इतकं, यास्ना,
शुक्रवारी आवृत्ती द्यायची आहे.
हे फ्रेमवर्क हजारजण वापरणार, मी म्हटलं,
त्यांच्या प्रत्येक ॲपमध्ये माझा हा धक्का बसणार
आणि कुणाला कळणारही नाही तो कुणी दिला.

खालच्या मजल्यावर म्हातारा एवारिस्तो राहतो.
एकतीस वर्षं त्यानं टेकडीची गाडी चालवली:
एक डबा वर, एक खाली, मध्ये एकच दोरखंड,
हातात लाकडी मुठीचा ब्रेक.
धक्का न देता गाडी थांबवायची कशी?
पावाला अवोकाडो फासत तो म्हणाला,
थांबवायची नसतेच.
तिला आधीपासून थांबावंसं वाटायला हवं.
शेवटच्या तीन हातांत मूठ घट्ट, सैल, परत घट्ट,
आणि कान मागे, बायकांच्या पिशव्यांतल्या अंड्यांकडे.
अंड्यांकडे?
हो. वाजली नाहीत, म्हणजे पोचलो.

रात्री मी स्प्रिंग लिहिली.
ताठरपणा एकशे ऐंशी, डॅम्पिंग बावीस.
पान येऊन किंचित पुढे गेलं, ओशाळून मागे आलं.
पंचवीस.
सव्वीस.
आता ते दाराशी वहाणा काढून
आत आल्यासारखं आलं.

मग उरलं परत जाणं.
पानांची उतरंड असते, वरचं मडकं उचलायचं,
शिकवतात तर असंच.
पण माणसं अर्ध्यात विचार बदलतात.
बोट डाव्या काठावरून निघतं, पान निम्मं सरकतं,
खालचं जुनं पान डोकावतं
आणि बोट तिथंच घुटमळतं.
जाऊ की नको हे त्याचं त्यानं ठरवेपर्यंत
मला दोन्ही पानं जिवंत ठेवायची,
दोन्हींवर सावली बरोबर पाडायची,
आणि एकाही फ्रेमला
सोळा मिलिसेकंदांवर जाऊ द्यायचं नाही.
(एका माणसाचं असं निम्मं सरकलेलं पान
मी सात महिने धरून होते. तो दक्षिणेला गेला.
उतरंडीतून काढलंय. बहुधा.)

गुरुवारी फोन घेऊन खाली गेले.
एवारिस्तोनं एकदा बोट फिरवलं, दोनदा,
तिसऱ्यांदा टेबलाची कड धरली.
कानाचं दुखणं, म्हणाला, चार वर्षं झाली.
सरकणारं काही बघवत नाही.
गाडीतसुद्धा बसत नाही आता,
पायऱ्या मोजत उतरतो. दोनशे बारा.
मग फोन उपडा ठेवत,
जणू त्यालाच वाईट वाटू नये म्हणून:
थांबतं मात्र झकास.

वर येऊन मी एक अट लिहिली.
फोनच्या मालकानं हालचाल कमी मागितली असेल
तर स्प्रिंग नको, सरकणं नको,
एक पान विरावं, दुसरं उमटावं,
क्रेन जातात आणि येतात तसं.
चार ओळी. सव्वीसचा आकडा
त्याच्यापुरता बिनकामाचा.
चाचणीला हे काय नाव दिलंस, ओयार्सूननं विचारलं,
अंडी वाजली नाहीत?
राहू दे, म्हटलं.

शुक्रवारी सकाळी सापडलं,
उतरंड रिकामी असताना
कुणी घाईघाईत दोनदा मागे गेलं
तर नुसता पांढरा पडदा येतो,
ना पान, ना बटण, ना परतीची वाट.
खिडकीबाहेरही तेव्हा तेच होतं.
आवृत्ती सोमवारवर गेली.