खालचा टप्पा

ग्रंथालयातल्या मुलीनं विचारलं,
आयझिरेक तिचं नाव, बोटं शाईनं माखलेली,
"प्रेमकथा, त्याही अंतराळयानांतल्या,
तुम्हाला सुचतात तरी कुठून?"

मी म्हटलं, ताऱ्यांकडे बघून.
तिनं वहीत लिहून घेतलं.

खोटं होतं ते.
पण चहा निवत चालला होता
आणि आमच्या गावची शेवटची बस
झेझकाझगानहून सहाला सुटते.

ताऱ्यांकडे मी फारशी बघतच नाही, मान दुखते.
आमच्याकडं बघावं लागत नाही,
आभाळ आपणहून खाली येतं.
बायकोनूरहून यान उठलं
की दोनेक मिनिटांत त्याचा खालचा टप्पा सुटतो
आणि आमच्या कुरणात येऊन आदळतो.
आदल्या दिवशी जिल्ह्याहून फोन: मेंढ्या आत घ्या.
मग एक गडगडाट, खिडक्यांची थरथर,
आणि दवण्याच्या कडू वासात मिसळलेला
दुसराच एक वास, ज्याला आमच्या भाषेत नाव नाही.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार, म्हणतात.
आम्ही आभाळाचंच ठिगळ
गोठ्याला लावलं.

शेजारच्या तुरारबेकनं
असाच एक पत्रा उंटावरून ओढून आणला,
मधोमध कापला, कुनिमायला न्हायला टब केला.
कापायला एक दुपार लागली.
कडा घासायला अकरा दिवस.
तिच्या गुडघ्याला ओरखडा नको म्हणून
कानस, मग वाळू, मग नमद्याचा तुकडा,
मग डोळे मिटून नुसता अंगठा फिरवत बसायचा,
पुन्हा कानस.
लग्नाला एकवीस वर्षं झालेली,
तोंडातून एक गोड शब्द निघाल्याचं
गावात कुणाला आठवत नव्हतं.
मी भिंतीपलीकडं झोपायचा प्रयत्न करत होते.
खर्र. खर्र. खर्र.
मला सुचतं ते तिथून.

त्या वसंतात चौदा मेंढ्या मेल्या.
तुरारबेकचा खोकला पुढच्या हिवाळ्यातला.
पत्र्यामुळं का विडीमुळं,
डॉक्टरनं खांदे उडवले.
कुनिमाय आता त्या टबात कांदे लावते.
लावते आणि खाते.
मी सांगून पाहिलं.

अल्माटीचा माझा संपादक म्हणतो,
नायिका वर जाते तर नायकालाही न्या,
वाचकांना भेट हवी असते.
त्याला कसं सांगू, माझा जीव
नेहमी खालच्या टप्प्यावर जडतो.
होतं नव्हतं ते सगळं दोन मिनिटांत जाळायचं,
मग नेमक्या क्षणी हात सोडायचा,
आणि पडताना
वरचा पोचला की नाही
हे कळवायला कुणी नाही.

कुनिमाय मात्र दर वेळी विचारायची.
कुरणात धूर अजून असायचा,
ही कुंपणाशी येऊन उभी, ओले केस पंच्यात:
"वरच्याचं काय झालं गं?"
मी रेडिओ ऐकून सांगायची.
पोचलं. पोचलं. पोचलं.

एकदा नाही पोचलं.
रेडिओवरचा माणूस बराच वेळ
हवामानाबद्दल बोलत राहिला.
तुरारबेकला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.
ती कुंपणाशी आली.
मी म्हटलं, पोचलं,
सगळे सुखरूप आहेत, खिडकीतून
आपलं कुरण दिसतंय म्हणाले, हाताएवढं,
आणि मधे काहीतरी चकाकतंय.

ती हसली नाही. "टब असेल," म्हणाली,
आणि आत गेली.
ही माझी पहिली गोष्ट.
छापलेली नाही.

बस वीस मिनिटं उशिरा आली.
उतरले तेव्हा अंधार पडला होता.
दाराशी कुनिमायनं ठेवलेली कांद्याची जुडी,
मुळांना माती तशीच.
रात्री रश्श्यात घातले.
गोड होते.