कच्चा टाका

शनिवारी शुभारंभाचा प्रयोग, प्लॅन आज उघडणार.
आठलाच मी बालगंधर्वच्या खिडकीपाशी,
पिशवीत बोहरी आळीतली कालची बटणं.
पुढे सात जण.
सगळ्यांत पुढे घडीची खुर्ची घेऊन आलेले एक आजोबा.
दर दोन मिनिटांनी मागे वळून सांगतात,
"रांग इथून सुरू होते."
कुणी काहीच म्हटलेलं नसतं.

मला खरं तर पास मिळणार होता.
रेवंडकर म्हणाले होते, "ताई, तुमचा पास माझ्याकडे."
मग म्हणाले, "बघतो."
मग फोन उचलेनासे झाले.

नाटकात मी नाही.
दुसऱ्या अंकात एक कोट आहे,
वारलेल्या थोरल्या भावाचा, धाकटा अंगात घालतो तो.
तो मी शिवला. भवानी पेठेत, माझ्या मशिनवर.
नवा शिवला आणि मग म्हातारा केला:
कोपरं विटेनं घासली,
कॉलर दोन रात्री चहाच्या पाण्यात,
एक बटण दुसऱ्याच कुणाच्या कोटाचं.
जाऊबाई म्हणाल्या, चांगल्या कापडाचं वाटोळं केलंस.

आणि डावा खिसा.
तो भांडणात फाटायला हवा, दर प्रयोगाला,
त्याच वाक्यावर.
एकतीस वर्षं मी उसवू नये म्हणून शिवत आले,
उसवावं म्हणून शिवायची ही पहिलीच खेप.
टाके कमी पडले तर विंगेतच लोंबायला लागेल,
जास्त झाले तर पोरगा ओढत बसेल
आणि रडायच्या जागी लोक हसतील.
तालमीत अकरा घातले, फाटला नाही.
सात घातले, तर नुसता खुर्चीत बसताना गेला.
मग नऊ.
नऊचा करून बघायच्या आधीच
कोट रेवंडकरांच्या ट्रंकेत गेला, कुलपासकट.

खिडकी उघडली.
आत कानावर निळी पेन्सिल ठेवलेले गृहस्थ,
काचेवर पाटी: सुटे पैसे द्यावेत.
खाली कुणीतरी बॉलपेननं: व घ्यावेत.

"पुढचं काय आहे?"
"पुढचं पाचशे. बाल्कनी दोनशे."
"बाल्कनीतून ऐकू येईल?"
"माईक आहेत बाई, कुजबुजसुद्धा येते."
"बोलणं नाही हो. टाका तुटलेला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
मी सांगितलं. कोट, खिसा, अकरा, सात, नऊ.
थोडक्यातच सांगितलं, रांगेला मात्र लांबलं.
मागून एकजण, "अहो, आम्हालाही ऑफिसं आहेत."
आजोबा तिकीट मिळूनही गेले नव्हते,
खुर्ची काखेत धरून ऐकत होते.
"आणि नाहीच फाटला, तर?"
"तर सगळे त्या पोराला हसतील."
"तुम्हाला कोण काय म्हणणार मग?"
कुणीच नाही. तेच तर.

"सी ओळीत एक आहे," खिडकी म्हणाली, "अगदी कडेची."
"कोणत्या कडेची?"
"तुम्हाला कोणती हवी?"
"डावी."
"नटाची डावी का प्रेक्षकांची?"
"कोटाची."

त्यांनी प्लॅन उलटा फिरवला, स्वतःचा डावा हात
छातीशी नेऊन बघितला,
परत सुलटा केला.
"म्हणजे आपली उजवी. आहे."
आणि त्या चौकोनात निळी फुली मारली,
दोन्ही रेघा सारख्या, सफाईनं.
असा हात मशिनवर चालला असता.

चारशे नोटांचे, शंभर सुटे.
मोजून होईपर्यंत ते गप्प राहिले.

बसचे पैसे त्यातच गेले.
शिवाजी पुलावरून चालत निघाले,
तिकीट मापाच्या टेपमध्ये गुंडाळलेलं.
नऊ.
आठ असते तर?
शनिवारी सुई-दोरा घेऊन लवकर जावं,
पडदा उघडायच्या आत विंगेत शिरून एक टाका काढावा,
असं पूल संपेपर्यंत ठरवलं होतं.
पण आता तिकीट काढलंय मी.
तिकीटवाल्यांना आत सोडत नाहीत.