दाराच्या पोटात

केमियार्वीच्या अलीकडे, रस्ता तळ्याला वळसा घालतो
तिथे माझं गॅरेज.
तायस्तोने गाडी आणली मार्चअखेरीस;
बर्फ अजून गुडघाभर, पण दुपारी नरम पडणारं.
लाल डॅटसन. माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.

"उजव्या दारात लोखंड घालायचंय," तो म्हणाला,
"आडवं. नव्या गाड्यांत असतं तसं."
मग नवीच घे की, मी म्हटलं.
"ह्या वयात? मी गेलो की पोरकी करायला?"
टोपी हातात फिरवत राहिला थोडा वेळ,
मग खरं ते बोलला:
गावातली शाळा बंद होतेय.
ऑगस्टपासून शेजारच्या एव्हीला
रोज अडतीस किलोमीटर हाच नेणार,
आणि लाकडाचे ट्रक फाट्यावर कोणासाठी थांबत नाहीत.

मी दारावर टिचकी मारली.
बिस्किटाच्या डब्यासारखं वाजलं.
बाहेर पत्रा, आत पत्रा,
मध्ये काच आणि हवा.
इतकी वर्षं आपण ह्याच्या भरवशावर
कोपर टेकवून बसत आलो.

आडपडदा न ठेवता सांगितलं त्याला:
सळई एकटी काही करत नाही, तायस्तो.
तिला दोन्ही टोकांना धरणारं कोणीतरी लागतं,
पुढे बिजागरीचा खांब, मागे कडीचा.
खांबच कुजला असेल
तर पडक्या कुंपणाला नवं कुलूप लावल्यासारखं.
शिवाय मी काही गाडी भिंतीवर आपटून बघणार नाही.
ट्रकपुढे किती टिकेल, मला विचारू नकोस.
"नाही विचारत," तो म्हणाला. "पण कर."

खांब खरवडले. पुढचा ठणठणीत,
मागच्यात पेन्सिल शिरेल एवढं भोक;
तो आधी कापला, जोडला, रंगवला.
तपासणीवाल्याला फोन केला, त्याने दोनदा उसासा टाकला.
सळई भंगारातून आणली,
डावीकडून पार चेपलेल्या एका गाडीची.
तिच्या उजव्या दारात ती नुसतीच थांबून होती,
तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

आच लावायची नाही मध्ये कुठेही, तिचा कडकपणा जातो.
टोकांना जाड पट्ट्या, पट्ट्यांना बोल्ट.
पहिल्यांदा बसवली आणि काच खाली सोडली:
टक्.
बोटभर जागा कमी.
सगळं पुन्हा खोललं. शिव्या दिल्या, फिनिशमध्ये आणि स्वीडिशमध्येही.

तेव्हा दिसली ती.
दाराच्या तळाशी, पाणी निचरायच्या भोकाजवळ,
गंजाचा भुगा, एक जुनं नाणं, आणि केसांची पिन.
काचेच्या फटीतून कधीतरी आत घसरलेली.
काळी. एका टोकाचा थेंब निघालेला.

तायस्तोच्या तळहातावर ठेवली.
तो बराच वेळ बघत राहिला.
"म्हणजे ही होती होय.
नऊ वर्षं वळणावर काहीतरी खुळखुळतं.
पेत्तेरी म्हणायचा, काढून देतो. मी म्हटलं, राहू दे."
नाण्याकडे त्याने पाहिलंही नाही.
"परत टाक आत."

माझ्या धंद्यात आवाज काढायचे पैसे घेतात,
ठेवायचे कधी घेतले नव्हते.
पिनेने निचऱ्याचं भोक बुजलं तर दार पुन्हा कुजेल,
म्हणून भोकावर जाळीचा तुकडा बसवला.
मग मेण फवारलं, फटीतून पिन सोडली,
आणि पुठ्ठ्याच्या क्लिपा एकेक दाबत गेले.
दोन तुटल्या. त्या तुटतातच.

बिलावर लिहिलं: सळई, बोल्ट, खांब, मेण.
डावं दारही करू का, विचारलं.
"तिथे मी बसतो," तो म्हणाला,
जणू ह्यात उत्तर आलं.

सप्टेंबरात पेट्रोल पंपावर दिसले दोघं.
दार जड झालंय आता, बिजागरीवर किंचित झुकतं,
लावताना तळाशी जरासं उचलावं लागतं.
एव्ही उतरली, दप्तर सावरलं,
आणि न बघता, गुडघ्याने
बरोबर तेवढंच उचललं.