ओली धाव

दुइलिओ पोस्टमन, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी पोस्टमनच,
सायकल भिंतीला टेकवून म्हणाला,
"एर्मेस, हिला डिस्क ब्रेक बसव."

मी एक चाक सरळ करत होतो.
करतच राहिलो.

ही सायकल माझी. म्हणजे त्याची, पण जोडलेली मी,
ज्या हिवाळ्यात कार्नियाच्या डोंगरात
दुधाची गाडीसुद्धा नऊ दिवस वर चढली नव्हती.
पितळ वितळवून एकेक सांधा भरला,
बोटाने चाचपला, पुन्हा घासला.
पुढचा चिमटा असा निमुळता उतरलाय खाली
की तिथे काही लटकवणं म्हणजे
बगळ्याच्या पायाला कुलूप.

मग मी बोललो. एकदा सुरू झालं की
माझं तोंड उतारावरच असतं.
वजन, म्हणालो. तेल, म्हणालो, सायकलच्या नळीत तेल!
ही काय अ‍ॅम्ब्युलन्स आहे?
तबकडी केसभर वाकली की दिवसभर
चिं चिं चिं, कानाशी डास.
आणि आपला ब्रेक बघ: दोन रबरं, एक तार,
पोटात काही लपवलेलं नाही.
दाबलं की धरतो, सोडलं की सोडतो.

"पावसात?" त्याने विचारलं.

पावसात, खरं सांगायचं तर,
पहिल्या दोन फेऱ्या काहीच होत नाही.
रबर धावेवरचं पाणी पुसत बसतं
आणि चाक फिरत राहतं दाबलेल्या ब्रेकमधून,
जणू आपण काही म्हटलंच नाही.
मग पकडतं.
त्या दोन फेऱ्यांची आम्हाला सवय आहे.
आम्ही वळणाच्या खूप आधी,
अक्रोडाच्या झाडापाशीच दाबायला घेतो.
झाड तोडलं त्यालाही वर्षं झाली. तरी तिथेच.

दुइलिओ वाद घालायला आलाच नव्हता.
त्याने हात पुढे केला
आणि मूठ मिटायला लागला.
अंगठा आला, तर्जनी अर्धी आली,
बाकीची बोटं दारातच थांबली
संकोची पाहुण्यांसारखी.
चाळीस वर्षं लोकांच्या पेट्यांत पत्रं टाकलेला हात.
"एवढंच," तो म्हणाला. "एवढ्यात जे थांबेल ते दे.
परवा करवतखान्याच्या वळणावर
दोन्ही पाय घासत थांबलो.
नेरीनाला सांगू नकोस."

बोलण्यात मीच जिंकत होतो.
हात टेकले.

त्याचं जुनं चाक उतरवलं
तर रिमची कड खोलगट झालेली,
चर्चच्या पहिल्या पायरीसारखी.
नखाने वाजवली. नुसता पत्रा.
थांबवणाऱ्या रबराने दर वेळी
चाकाचाच एक पापुद्रा नेला होता.
मी दर वसंतात रबर बदलून द्यायचो,
चाकाला कधी विचारलं नाही.

मंगळवारी ज्योत पेटवली.
माझाच निळा रंग सांध्याशी फुगला, करपला.
मागच्या नळीला एक कान जोडला,
पुढे नवा चिमटा, जाड.
कुरूप आहे. असू दे.

दुइलिओने एका बोटाने ब्रेक ओढला
आणि दुकानातल्या दुकानात
पुढे, मागे, थांब. पुढे, मागे, थांब.
माझ्या हत्यारांच्या पेटीला दोनदा धडकला,
तरी हसत होता.

माझी सायकल? नाही. ती आहे तशीच राहील.

काल खिंडीवरून उतरताना पावसाने गाठलं.
अक्रोडापाशी दाबलं.
एक फेरी.
दुसरी.
तिसरी?
बोटांना नेहमीपेक्षा जरा जोरात हाक मारावी लागली
आणि करवतखान्याचं कुंपण
बरंच जवळ येऊन उभं राहिलं.

थंडी होती.
थंडीच असणार.