पुजारी क्रमांक दोन

सिनेमावाले आले तेव्हा शिमगा नुकताच सरला होता.
तीन ट्रक, एक जनरेटर,
आणि ताडपत्रीत गुंडाळलेला फायबरचा देव,
डोळ्यांत लाल बल्ब, वायर पाठीतून.
आमच्या राईतला देव म्हणजे नुसता दगड,
त्याला तोंडही नाही.
तो कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणाले.

गोष्ट अशी, की हिरोच्या हाती नकाशा,
राईखाली कुणा बुडालेल्या जहाजाचं सोनं,
आणि ते राखणारी एक जमात,
जी हजार वर्षं अंगाला राख फासून
परक्याची वाट बघत बसलीय.
जमात म्हणजे आम्ही.
माणशी आठशे रुपये, दुपारचं जेवण,
राख प्रॉडक्शनची.
पंक्चरवाला अंतोन, लाडू मेस्त्री,
पतपेढीचे चेअरमनसुद्धा
चष्मा खिशात घालून रांगेत.

माझा बाप घाडी. खराखुरा.
कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं
आज्याच्या आज्यापासून आमच्या घरात.
त्याला रोल मिळाला पुजारी क्रमांक दोन.
क्रमांक एक शहरातला नट होता,
त्याची दाढी चिकटवण्यातच सकाळ जायची.

डायरेक्टर म्हणाला, बाबा, तुमचं ते खरं म्हणा ना,
ते जुनं. जरा रागात.
बाप म्हणाला, गाऱ्हाणां रागान घालूचां नसता.
मग हळूच, मला एकटीला ऐकू येईल असं,
तां देवाचां. कॅमेऱ्याक दिवचां नाय.

पण आठशे रुपये घेतले होते.

म्हणून त्याने नारळ उचलला, डोळे मिटले,
आणि ज्या आवाजात तो दरसाल
होड्या, बागा, पोरंबाळं
देवाच्या पदरात घालतो
त्याच आवाजात सुरू केलं:

बा वरच्या सड्या,
बा तिठ्या,
बा पाण्याच्या टाके,
बा हायस्कुला, बा रेशनच्या दुकाना,
बा बंद पडलेल्या कॅनिंगा,
बा मोरीवरच्या वडा…

वडापाशी मला कळलं.
साडेपाचच्या गाडीचे थांबे.
मी कंडक्टर लागले त्या वर्षी
रात्री पडवीत बसून ते घोकायची, भाड्यासकट,
आणि हा पलीकडे सुपाऱ्या सोलत असायचा.
ऐकतोय असं कधी वाटलं नाही.

आणि आमची ती जमात,
राखेने पांढरी, घामाने ओघळलेली,
निव्वळ सवयीने, एका घशाने
प्रत्येक थांब्याला म्हणत गेली,
व्हय म्हाराजा!

डायरेक्टरच्या हातावर काटा आला.
त्याने तो सगळ्यांना दाखवला.

दिवाळीनंतर कणकवलीला बघितला आम्ही.
बाप पडद्यावर एवढा मोठा,
आणि त्याच्या पायाशी अक्षरं सरकत होती:
हे भूमीच्या रक्षका, परक्याचं रक्त घे.
तोंडाने तो म्हणत होता रेशनचं दुकान.
पुढच्या रांगेत एका बाईने हात जोडले.
अंतोन हसता हसता खुर्चीखाली गेला.
लाडूने शिट्टी मारली.

बाप हसला नाही.
परतताना, जीपमध्ये, खिडकीकडे तोंड करून म्हणाला,
इतक्या जणांनी व्हय म्हटल्यानी.
आता तेंका राखूक व्हयां.

दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या गाडीला
तो मांडीवर पिशवी घेऊन बसलेला.
हाफ लागतं त्याला, त्याने फुल मागितलं.
थांबा आला की मूठभर तांदूळ
खिडकीबाहेर.
टाकी. हायस्कूल. दुकान.
ड्रायव्हर गुरुदास आरशातून बघत होता,
काही बोलला नाही, पण जिथे कुणी उतरणार नव्हतं
तिथेही ब्रेकवर पाय ठेवत गेला.

आता दर अमावास्येला येतो.
फायबरचा देव अजून राईच्या कडेला पडून आहे,
एका डोळ्यात मुंग्यांनी घर केलंय,
आणि परवा त्याच्यापुढे कुणीतरी
जास्वंद ठेवलेली दिसली.
बाप म्हणाला, ऱ्हवाने.

बंद कॅनिंगपाशी हल्ली कुणी चढत नाही, उतरत नाही.
डेपोत विचारतात, तिथे दोन मिनिटं कशाला?
मी लिहिते,
प्रवासी.