गाळलेल्या जागा

ड्युलुथ. जानेवारी. बाहेर उणे एकवीस.
इस्पितळाच्या तळघरात रात्रपाळीला बसून
मार्लिस ओस्टबी माणसांवर आकडे लावते,
मटक्याचे नव्हेत, आजारांचे.

समोर आर्वो केटोला, वय एकसष्ट,
लोहखनिजाच्या बोटीवरचा जुना खलाशी.
चाल डळमळीत. बुबुळं थरथरतात.
शिरेतून थायमिन, दिवसातून तीनदा.
सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, असं नर्स लिहिते.
तो म्हणतो, सगळं आठवतं.

सोमवारच्या नोंदीत तो पहाटेच भावाबरोबर
बोट घेऊन सरोवरात जाऊन आलाय.
ट्राउट मिळाला, आठ पौंडांचा.
बुधवारी अकरा पौंडांचा.
शुक्रवारी मासा तोच, पण भाऊ पाण्यात पडला
आणि केटोलाने त्याला केसांना धरून वर ओढला.
त्याखाली सोशल वर्करची एक ओळ:
भाऊ ब्याऐंशी साली बुडाला. प्रेत मिळालं नाही.

या दिवसांत किनारा गोठलेला असतो, बोट निघत नाही,
हे मार्लिसला ठाऊक आहे.
पण ते तिला कुणी लिहून दिलेलं नाही,
आणि लिहिलं नाही ते घडलं नाही,
हा तिच्या कामाचा पहिला धडा.
ओळींच्या मधून बाटल्या कितीही किणकिणोत,
डॉक्टरने लिहिल्याशिवाय व्यसन धरायचं नाही.
गाळलेल्या जागा भरायच्या नाहीत.
चौथ्या मजल्यावर एक माणूस
दुसरं काहीच करत नाही.

ती डॉक्टर ओयेलारानना विचारते:
मद्याचा वापर, गैरवापर, की अवलंबित्व?
कृपया नोंद करावी.
उत्तर सुचवेल असा प्रश्न विचारायला मनाई आहे.
नर्स मात्र सहज बोलून गेली होती,
काल आपण कॉफी प्यायलो ना, आर्वो?
तो म्हणाला, हो तर. तू साखर विसरलीस.

चारला उत्तर येतं. एकच शब्द: अवलंबित्व.
एफ दहा पॉइंट शहाण्णवचे
एफ दहा पॉइंट सव्वीस होतात.
नवाच्या जागी दोन, बिल पुढे सरकतं.

फाइल मिटायच्या आधी ती उगाच
शनिवारची नोंद उघडून बघते.
भावाने कोरडे कपडे घातलेत.
स्टोव्हपाशी बसून मासा साफ करतोय,
खवले सगळीकडे, आई ओरडतेय.
वजन लिहायचं राहून गेलंय.

मार्लिस प्रश्नाची चौकट उघडते,
माशाचं वजन, कृपया नोंद,
एवढं टाइप करते.
मग एकेक अक्षर खोडते.
वर रस्त्यावर बर्फ ओढणारा ट्रक जातो,
टेबलावरचा कप हलतो.